नामिबियाशी रेडिओ संपर्क साधताना या चुका टाळा

सातारा किंवा सांगलीहून नामिबियाची राजधानी विंडहुक सुमारे ७,६०० किलोमीटरवर आहे. हौशी रेडिओला हे अंतर अवघड नाही; परवान्याच्या मर्यादेतला साधा संच आणि नीट बांधलेला डायपोल (मधोमध केबल जोडलेला सरळ तारेचा अँटेना) एवढ्या सामग्रीवर ते पार होते. तरीही वर्षानुवर्षे नामिबियाच्या ‘व्ही५१’ने सुरू होणारा एकही कॉलसाइन (केंद्राचे ओळखनाव) लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) येत नसेल, तर जास्त वॉटचा संच घेण्याआधी पुढील गोष्टी तपासाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त नुकसान अँटेनाच्या दिशेमुळे होते. आपल्याकडून विंडहुकची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास साधारण २३६ अंश, म्हणजे नैर्ऋत्य येते. साताऱ्यात शहरातून सज्जनगडाची दिशा धरली तरी काम भागते. डायपोल आपली बहुतांश शक्ती तारेच्या काटकोनात फेकतो, म्हणून नैर्ऋत्येकडे संदेश पाठवायचा तर तार वायव्य-आग्नेय ताणली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र ती पाण्याच्या टाकीपासून समोरच्या कोपऱ्यातल्या पाइपपर्यंत, म्हणजे गच्चीच्या सोयीने बांधली जाते आणि तिचे टोकच नामिबियाकडे राहते. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पाहायची असेल तर मोकळ्या मैदानात पाहावी. गच्चीच्या स्लॅबमधील सळया आणि लोखंडी जिना यांच्याजवळ ते होकायंत्र फसवते.

उंचीचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होणारी लहर एका हॉपमध्ये (एका उडीत) फार तर ४,००० किलोमीटरच्या आसपास जाते, त्यामुळे नामिबियासाठी दोन किंवा तीन हॉप लागतात आणि त्यासाठी लहर क्षितिजापासून दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही खालच्या कोनात निघावी लागते. वीस मीटर बँडचा (बँडच्या नावातले मीटर म्हणजे लहरीची लांबी) डायपोल जमिनीपासून तीन-चार मीटरवर असेल तर त्याची शक्ती मुख्यतः वर जाते आणि पुणे, हैदराबाद, बंगळुरू छान ऐकू येतात, पण आफ्रिका ऐकू येत नाही. दहा मीटर उंची मिळाली तर फरक लगेच जाणवतो. तेवढी उंची शक्य नसल्यास पंधरा मीटर बँड निवडावा, कारण तिथे सात मीटर उंचीवरही तोच लाभ मिळतो. अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याशी, डोंगर नैर्ऋत्येला येईल अशा जागी घर असेल तर खालचे कोन डोंगरच अडवतो. सांगलीकरांना कृष्णाकाठच्या सपाट प्रदेशामुळे ही अडचण नाही. डोंगरमाथ्यावर संच नेण्याचा विचार असल्यास, पत्त्याबाहेरून केंद्र चालवण्याबाबत परवान्यात काय अटी आहेत हे आधी वाचावे.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप) मीटरचा काटा एकावर आहे, म्हणजे सर्व ठीक आहे, हाही गैरसमज आहे. अँटेनाऐवजी डमी लोड (शक्ती उष्णतेत घालवणारा रोध) लावला तरी काटा एकावरच राहतो. खराब झालेली केबल शक्ती स्वतःच गिळते आणि एसडब्ल्यूआर उलट चांगला दाखवते. साताऱ्याच्या पावसात हे नेहमी घडते: पीएल-२५९ कनेक्टरवरची चिकटपट्टी उन्हाने सैल होते, पाणी आत झिरपते आणि केबलचे वरचे आवरण टोकाशी चिरून पाहिले तर आतली तांब्याची जाळी चकचकीत न दिसता काळपट-हिरवी दिसते. अशी केबल कनेक्टरपासून हातभर कापली तरी जाळी काळीच निघाली, तर पूर्ण बदलावी. चांगल्या स्थितीतील आरजी-५८ केबलसुद्धा तीस मीटर लांबीला २८ मेगाहर्ट्झवर चाळीस टक्क्यांच्या आसपास शक्ती वाया घालवते. त्याऐवजी आरजी-२१३ वापरावी. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की केबल संचापासून काढून ठेवावी.

चुकीच्या वेळी बसणे हे अपयशाचे आणखी एक मोठे कारण आहे. पहाटे गोंगाट कमी असतो म्हणून अनेकजण सात वाजता संच सुरू करतात. तेव्हा नामिबियात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि दहा व पंधरा मीटर बँड बहुधा बंद असतात. आपली वेळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. दुपारी उशिरा दोन्ही टोकांना ऊन असते, तेव्हा दहा ते पंधरा मीटर हे बँड पाहावेत. आपल्याकडचा सूर्यास्त ते विंडहुकचा सूर्यास्त, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण साडेसहा ते दहा, हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो. या वेळेत सतरा आणि वीस मीटरही उघडतात. हा मार्ग चुंबकीय विषुववृत्त ओलांडतो, म्हणून सूर्यास्तानंतर आवाज कधीकधी फडफडल्यासारखा येतो. तो संचातला बिघाड समजून सेटिंग बदलत बसू नये.

मार्ग उघडा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवरील आंतरराष्ट्रीय बीकन (ठरलेल्या वेळी आपोआप संकेत पाठवणारी केंद्रे) ऐकावेत. अठरा केंद्रे दर तीन मिनिटांच्या फेरीत प्रत्येकी दहा सेकंद बोलतात. त्यांपैकी प्रिटोरियाचे केंद्र झेडएस६डीएन आपल्या उपयोगाचे आहे. कॉलसाइननंतर चार लांब सूर येतात, अनुक्रमे शंभर, दहा, एक आणि एक दशांश वॉटचे. दुसरा सूरही ऐकू आला, तर दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला साधा संच पुरेल असे समजावे.

केंद्र सापडल्यावर घाईने त्याच्याच फ्रीक्वेन्सीवर हाक मारू नये. तिकडचा ऑपरेटर ‘अप फाइव्ह’ म्हणत असेल तर तो पाच किलोहर्ट्झ वर ऐकत आहे. स्प्लिट (ऐकण्याची आणि पाठवण्याची फ्रीक्वेन्सी वेगळी) न लावता केलेली प्रत्येक हाक फक्त इतरांचे ऐकणे बिघडवते. तो कोणाला उत्तर देतो, त्या माणसाची हाक कुठे होती, त्यानंतर तो वर सरकतो की खाली, हे दहा मिनिटे शांतपणे ऐकले तर कमी शक्तीतही नंबर लागतो. तो युरोपला बोलावत असेल तेव्हा थांबावे. आपला पूर्ण कॉलसाइन एकदाच, स्पष्ट अक्षरांत द्यावा.

एफटी८ (संगणकाद्वारे छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्यांनी संगणकाचे घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर ठेवावे, कारण ही पद्धत पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या खिडक्यांवर चालते. ध्वनीची पातळी एएलसीचा (संचाच्या स्वयंचलित पातळी-नियंत्रणाचा) काटा हलणार नाही इतकीच ठेवावी.

नामिबियाची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे आणि हवेवर येणारी केंद्रे मोजकी, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारी सीक्यू वर्ल्ड वाइड ही हौशी रेडिओची आवाजी स्पर्धा आणि नोव्हेंबरच्या तशाच शनिवार-रविवारची मोर्स स्पर्धा चुकवू नये. या स्पर्धेत भारताचा विभाग २२ सांगायचा असतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) विभागणीतला ४१ हा क्रमांक इथे चालत नाही.

संपर्कानंतर लॉगमध्ये भारतीय वेळ लिहू नये. रात्री ९.१५ चा संपर्क यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) १५.४५ होतो, आणि पहाटे चारचा संपर्क आदल्या तारखेला जातो. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संपर्क पडताळणीच्या ऑनलाइन सेवेवर दोन्हीकडच्या नोंदींत तीस मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर त्या जुळत नाहीत. साताऱ्यातील मंडळींनी लोकेटरही (नकाशातला चौकोन सांगणारा संकेत) तपासावा: ७४ अंश रेखावृत्त शहरातूनच जाते, त्यामुळे पश्चिम भागातील घर एमके६७ मध्ये येते आणि पूर्वेकडचे एमके७७ मध्ये. सांगली शहर एमके७६ मध्ये आहे.