घरी बांधलेल्या हलक्या विमानाची शेपूट: झीज कशी तपासावी

शेपटीची तपासणी विमान धुण्याआधी करावी. कोणतेही यंत्र उघडण्यापूर्वी ते लख्ख पुसून घेण्याची आपल्याकडे सवय असल्यामुळे हा क्रम उलटा वाटतो, परंतु शेपटीतील झीज सर्वांत आधी मळातूनच दिसते. रिव्हेट (पत्रे जोडण्यासाठी ठोकून बसवलेली खीळ) सैल होऊन पत्र्याशी घासू लागला की त्यातून बारीक काळी भुकटी निघते, वाऱ्याच्या प्रवाहाबरोबर ती मागे ओढली जाते आणि रिव्हेटच्या मागे धूमकेतूसारखा काळा पट्टा उमटतो. हा पट्टा साबणाच्या पाण्याने निघून गेला, तर तो पुन्हा दिसेपर्यंत कित्येक तासांचे उड्डाण झालेले असते आणि तोवर रिव्हेटचे छिद्रही मोठे झालेले असते.

मराठवाड्यात या तपासणीला एक स्थानिक अडचण आहे. आपली माती काळी आहे, उन्हाळ्यात तिची धूळ बंद शेडमध्येही शिरते, आणि इंजिनाच्या तेलाचा सूक्ष्म थर जिथे बसला असेल तिथे ती घट्ट चिकटते, त्यामुळे काळा डाग दिसला म्हणजे रिव्हेट सैल झाला असे लगेच म्हणता येत नाही. फरक बोटाने कळतो. मातीची धूळ वरच्या पृष्ठभागावर सारखी पसरलेली असते आणि चिमटीत खरखरीत लागते. घर्षणातून निघालेली भुकटी मात्र रिव्हेटच्या कडेपासूनच सुरू होते, पत्र्याच्या खालच्या अंगालाही सापडते आणि बोटावर गुळगुळीत पसरते. गेल्या वर्षी आमच्या दोन आसनी विमानाच्या आडव्या शेपटीखाली मी टॉर्च घेऊन आडवा झालो होतो आणि एक डाग धूळ समजून पुढे सरकलो होतो. मागून येणाऱ्या भाच्याने त्यावर बोट फिरवले आणि म्हणाला, "मामा, ही माती न्हाई, शिसपेन्सिलीवानी लागायलंय." ओळीने चार रिव्हेट सैल निघाले. तेव्हापासून आमच्याकडे डोळ्यांनी तपासणारा एक आणि बोटांनी तपासणारा दुसरा, अशी दोन माणसे लागतात.

संपूर्ण तपासणीचे सूत्र एवढेच आहे की शेपटीत जे हलायला नको ते हलत आहे का, आणि जे हलायला हवे ते कुठे अडत आहे का, हे शोधायचे. तडा, गंज, झिजलेली बिजागरी आणि सैल बोल्ट या बहुतेक दोषांचा माग नको तिथे झालेल्या हालचालीतून किंवा हवी तिथे न झालेल्या हालचालीतून लागतो.

हाताने करायची तपासणी

आडव्या शेपटीचे टोक दोन्ही हातांनी, स्पार (लांबीभर जाणारा मुख्य आडवा दांडा) आणि रिब (त्याला काटकोनात बसवलेली, आकार देणारी पट्टी) जिथे मिळतात तिथे धरावे. मागची पातळ कड कधीही धरू नये, कारण ती दाबाने वाकते. टोक हलकेच वर-खाली आणि पुढे-मागे करताना दुसऱ्या माणसाने शेपूट फ्युजलाजला (विमानाच्या धडाला) जिथे जोडली आहे तिथे, दोन भागांच्या सांध्यावर बोट आडवे ठेवावे. सांध्यातील अगदी थोडी सरकही बोटाला कळते, जी डोळ्याला दिसत नाही. 'टक्' असा आवाज आला तर बोल्ट आवळण्याची घाई न करता तो काढून पाहावा. बोल्टच्या दांड्यावर चकचकीत कडे पडले असेल तर बोल्ट छिद्रात फिरत किंवा सरकत होता, आणि अशा वेळी छिद्र लांबट झाले आहे का हेही मोजावे लागते. नुसता नट आवळला तर काही दिवस आवाज बंद होतो, एवढेच.

एलिव्हेटरचा (आडव्या शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या मागच्या भागाचा) ढिलेपणा पाहताना एकाने कॉकपिटमध्ये बसून दांडा घट्ट धरावा आणि दुसऱ्याने एलिव्हेटर हलवून पाहावा. जो खेळ (सैल हालचाल) सापडेल तो नियंत्रणाच्या साखळीतला आहे की बिजागरीतला, हे ओळखण्यासाठी प्रत्येक जोडावर क्रमाने बोट ठेवीत मागून पुढे यावे. त्यानंतर उजवा एलिव्हेटर स्थिर धरून डावा हलवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या हॉर्नमधील (तरफेसारख्या जोडभागातील) सैलपणा वेगळा सापडतो. टोकाशी बसवलेल्या समतोल वजनाचे स्क्रू याच वेळी पाहावेत, कारण ते वजन सैल झाले किंवा रंगाचे जाड थर चढून एलिव्हेटरचा मागचा भाग जड झाला, तर वेगात फडफड सुरू होण्याचा धोका असतो आणि ती फडफड काही सेकंदांत शेपूट मोडू शकते. ट्रिम टॅब (एलिव्हेटरच्या मागच्या कडेवरची हलणारी पट्टी) आकाराने लहान असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते, परंतु त्याच्या लांब बिजागरीची पिन झिजली की फडफडीची सुरुवात तिथूनही होऊ शकते. किती खेळ चालेल हे आपल्या किटच्या पुस्तिकेतच पाहावे. "एवढं चालतं" हे कोणाच्याही तोंडून ऐकून मान्य करू नये, मग तो कितीही अनुभवी असो. खेळ डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने), दर वेळी त्याच जागी मोजावा आणि वहीत मिलिमीटरमध्ये लिहावा, कारण एका आकड्यापेक्षा गेल्या तीन तपासण्यांत तो आकडा कसा वाढत गेला हे अधिक सांगून जाते.

ढकलदांड्यांच्या टोकांना जी गोल बेअरिंगे असतात, त्यांच्या बाजूला मोठा वॉशर आहे ना, हे पाहावे. बेअरिंगचा आतला गोळा निसटला तरी दांडा बोल्टवरच राहावा यासाठी तो वॉशर असतो, आणि एखाद्या दुरुस्तीनंतर तो डब्यातच राहून गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. जिथे बोल्ट स्वतः फिरू शकतो अशा सांध्याला नायलॉनचा लॉकनट नको. तिथे खाचांचा नट आणि कॉटर पिनच (नट फिरू नये म्हणून आरपार घालून दुमडायची पिन) हवी.

केबल

रडरच्या (उभ्या शेपटीच्या डावी-उजवीकडे वळणाऱ्या भागाच्या) आणि असल्यास एलिव्हेटरच्या केबलवरून सुती फडके पूर्ण लांबीभर ओढावे. तुटलेली तार फडक्याचा धागा पकडते. उघड्या हाताने हे करू नये. तारेचे टोक बोटात शिरते आणि ते काढणे वेदनादायक असते. केबल पुलीवरून किंवा मार्गदर्शक छिद्रातून जाते तिथेच ती जास्त झिजते, म्हणून नियंत्रण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पुलीखाली दडलेला भाग बाहेर आणावा, आणि शंका असल्यास केबल सैल करून त्या जागी हलकेच वाकवून पाहावी, कारण आतील तुटलेल्या तारा ताणलेल्या केबलमध्ये दिसत नाहीत. पुली फिरते की केबल तिच्यावरून नुसती घसरते, हेही पाहावे. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या आट्यांच्या जोडाच्या) नळीबाहेर प्रत्येक बाजूला तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत आणि तो आपोआप फिरू नये म्हणून बांधलेली सेफ्टी वायर असलीच पाहिजे.

ताणाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो. ॲल्युमिनियम तापमानाने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. फ्युजलाज ॲल्युमिनियमचे आणि केबल पोलादाची असेल, तर डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांपासून मे महिन्यातील ४० अंशांपर्यंत चार मीटर लांबीत या दोघांमध्ये सुमारे १.३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि केबल तेवढी ताणली जाते. हिवाळ्यात हाताला बरी वाटते म्हणून आवळलेली केबल उन्हाळ्यात पुलीच्या बेअरिंगवर आणि शेपटीतील ब्रॅकेटवर नको तेवढा भार टाकते. पुस्तिकेत ज्या तापमानाचा ताण दिला असेल, त्या तापमानाच्या जवळ, सावलीत आणि ताणमापकानेच तो लावावा.

तडे कुठे शोधावेत

ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते; लहान भारही पुरेशा वेळा आला तर तडा जाऊ शकतो. पहिला तडा सहसा जिथे घडी आहे, जिथे खाच कापली आहे, जिथे जाड भाग एकदम पातळ होतो किंवा जिथे छिद्र कडेच्या फार जवळ आहे, तिथे सुरू होतो. म्हणून स्पारच्या घडीचे कोपरे, बिजागरीच्या ब्रॅकेटभोवतालचे रिव्हेट, एलिव्हेटरच्या पत्र्याच्या आतील ताठरपट्ट्यांची टोके आणि फिन (उभ्या शेपटीचा स्थिर भाग) फ्युजलाजला जोडणारे ब्रॅकेट यांच्यासाठी वेळ राखून ठेवावा. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-६, आरव्ही-७ आणि आरव्ही-८ या किट-विमानांच्या आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारवर मध्याजवळ तडे आढळल्यामुळे २०१४ मध्ये तपासणीची सूचना निघाली होती. आपले विमान कोणतेही असो, ते किट ज्यांनी बनवले त्यांच्या अशा सूचना दरवर्षी वाचणे हा तपासणीचाच भाग आहे. पूर्णपणे स्वतःच्या आराखड्यावर विमान बांधणाऱ्याला अशी सूचना पाठवणारे कोणी नसते, त्यामुळे त्याने तपासणीचे अंतर कमी ठेवावे.

साधने फारशी लागत नाहीत. चांगला टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, दहापट दाखवणारे भिंग आणि मोबाइलला जोडता येणारा लवचीक कॅमेरा एवढ्यावर बरेच काम होते. प्रकाश समोरून न टाकता पत्र्याला जवळजवळ समांतर टाकावा, म्हणजे तड्याची कड सावली पाडते. संशयाची जागा फेल्ट पेनने खुणावावी. शिसपेन्सिल वापरू नये. तिच्यातील ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियमवर त्याच रेषेत गंज धरतो. तारेच्या घासणीनेही पत्रा घासू नये, कारण पोलादाचे कण पत्र्यात रुतून पुढे तिथेच गंजतात.

रंगातील भेग आणि धातूतील तडा यांत फरक करायचा असेल तर डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा लाल द्रव) वापरावे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे सामान विकणाऱ्यांकडे त्याचे तीन डब्यांचे संच मिळतात. आधी पत्र्यावरचा रंग रसायनाने काढावा. वाळूच्या माऱ्याने किंवा जोरात घासून काढला तर मऊ धातू पसरून तड्याचे तोंडच बंद होते. स्वच्छ केलेल्या जागेवर लाल द्रव लावून डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे, मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसावे. क्लीनर थेट भागावर फवारला तर तड्यातील लाल द्रवही धुतला जातो, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस करतो. शेवटी पांढरा डेव्हलपर फवारला की तड्याच्या जागी लाल रेघ उमटते. या रसायनांची वरची तापमान मर्यादा सहसा ५० अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यात उन्हातला पत्रा ती सहज ओलांडतो, म्हणून हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे.

तडा सापडलाच, तर त्याच्या टोकाला छिद्र पाडून तो थांबवण्याचा उपाय बहुतेकांना ठाऊक असतो. पत्र्याच्या कडेला, रचनाकाराने परवानगी दिली असेल तर तो तात्पुरता चालतो. स्पारवर किंवा बिजागरीच्या ब्रॅकेटवर ड्रिल लावू नये. तिथे विमान जमिनीवर ठेवून, फोटो काढून रचनाकाराला आणि सही करण्याचा अधिकार असलेल्या तंत्रज्ञाला विचारावे.

उभ्या विमानाची झीज

आपल्याकडील हलकी विमाने उडण्यापेक्षा उभीच जास्त असतात आणि शेपटीचे निम्मे दुखणे तिथलेच असते. वळवाचा वारा अचानक मागून आला आणि नियंत्रणे कुलूपबंद नसतील, तर एलिव्हेटर आणि रडर आपापल्या थांब्यांवर जोरात आदळतात. असा वारा होऊन गेल्यावर थांबे वाकले आहेत का, हॉर्नचे रिव्हेट हलले आहेत का आणि रडर दोन्ही बाजूंना पूर्वीइतकाच वळतो का, हे उड्डाणाआधी पाहावे. मुरमाच्या धावपट्टीवर चाकांनी उडवलेले खडे आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेवर आणि खालच्या बाजूवर बसतात. प्रत्येक खोल टोचा भिंगाने पाहावा. मागे चाक असलेल्या विमानात त्या चाकाच्या पट्टी-स्प्रिंगचे बोल्ट आणि ते ज्या खांबाला जोडले आहेत तो भागही याच धक्क्यांमुळे थकतो.

कुंभारीण माशी शेपटीतील निथळ-छिद्रांमध्ये आणि एलिव्हेटरच्या पोकळीत मातीचे घर करते. त्यामुळे पावसाचे पाणी आत साठते, शिवाय समतोलही बिघडतो. शेजारी सोयाबीनची पोती रचलेली असतील तर उंदीर येणारच, आणि त्यांच्या मुताने ॲल्युमिनियम आतून असे खाल्ले जाते की बाहेरून रंग शाबूत दिसतो. निथळ-छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि आत कॅमेरा घालून पांढरट भुकटी दिसते का ते पाहावे.

नळ्यांची आणि कापडाची शेपूट असेल तर खालच्या नळ्यांमध्ये पाणी साठून आतून गंज येतो, आणि तडा वेल्डच्या रेषेत नसून तिच्या लगतच्या तापलेल्या पट्ट्यात येण्याची शक्यता अधिक असते. फायबरच्या शेपटीवर नाण्याने हलके ठोकत जावे. जिथे खणखणीत आवाज बोदा होतो तिथे थर सुटलेला असू शकतो. फायबरच्या विमानाला गडद रंग देण्याचा मोह आपल्या उन्हात तरी टाळावा, कारण तापलेली रेझिन मऊ पडते.

बंद करताना

झाकणे लावण्याआधी अवजारे मोजावीत आणि काढलेल्या प्रत्येक कॉटर पिनच्या जागी नवी पिन घातली आहे ना, हे वहीतील यादीशी ताडावे. दांडा मागे ओढला की एलिव्हेटरची मागची कड वर गेली पाहिजे आणि उजवे पेडल दाबले की रडर उजवीकडे वळला पाहिजे; ही तपासणी ज्याने काम केले त्याच्याखेरीज दुसऱ्या माणसाने, शेपटीपाशी उभे राहून करावी. मग विमान धुवावे. पहिल्या उड्डाणानंतर, पुन्हा धुण्याआधी, बदललेल्या रिव्हेटांवरून एकदा बोट फिरवावे.