थंडीत इंजिन लवकर तापत नसेल तर काय तपासावे

कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केल्यावर तापमानाचा काटा काही वेळ तळाशीच रेंगाळणे स्वाभाविक आहे. परंतु पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही काटा मधल्या खुणेपर्यंत पोहोचत नसेल आणि हीटरमधून जेमतेम कोमट हवा येत असेल, तर थंडीला दोष देऊन भागत नाही. बिघाड बहुधा कूलिंग सिस्टीममध्ये, आणि त्यातही बऱ्याचदा थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापमानानुसार उघडझाप करणाऱ्या झडपेत असतो. सुदैवाने तो ओळखण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत.

बहुतेक इंजिनांमधील कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव) साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद राहतो व कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते. ठरलेल्या तापमानाला आतल्या डबीतील मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि रेडिएटरचा मार्ग मोकळा होतो. ही झडप उघडीच अडकून पडली, तर इंजिनात निर्माण होणारी उष्णता पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून बाहेर जाते. इंजिन गारच असल्याने त्याला जास्त इंधन पुरवले जाते, न जळलेले इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळते व ऑइल लवकर खराब होते. म्हणूनच गाडी चालते आहे ना, मग चालू द्यावी, हा विचार महागात पडतो.

प्रथम एक सवय तपासावी. उभ्या गाडीचे इंजिन निष्क्रिय गतीवर फारच कमी उष्णता निर्माण करते आणि डिझेल इंजिन तर त्याहूनही कमी. त्यामुळे दारात गाडी सुरू ठेवून काटा वर येण्याची वाट पाहणे निरर्थक आहे. सुरू केल्यानंतर अर्ध्या-एक मिनिटात निघावे आणि काटा वर येईपर्यंत ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबावा. असे करूनही तक्रार कायम राहिली, तरच पुढील तपासणीकडे वळावे.

इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी पाहावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालील उकळते द्रव अंगावर उसळते. कूलंट कमी असेल तर हीटरपर्यंत ते नीट पोहोचत नाही आणि सेन्सर हवेतच राहिल्यास काटाही चुकीचे तापमान दाखवतो. तेव्हा योग्य मिश्रण भरावे, पण ते कमी का झाले, म्हणजे गळती कोठे आहे, हेही शोधावे. मिश्रण घट्ट केले की संरक्षण वाढते, हा समज खरा नाही: इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधील गोठणरोधक द्रव) व पाणी निम्मे-निम्मे असता मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, तर निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते.

यानंतरची कसोटी सर्वांत उपयुक्त आहे. गाडी मोकळ्या हवेत उभी करून हँडब्रेक लावावा, न्यूट्रलमध्ये गार इंजिन सुरू करावे आणि पंखा व पट्ट्यापासून हात व सैल बाह्या दूर ठेवून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपाला अधूनमधून स्पर्श करावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात हाताला चटका बसेल इतका गरम होतो. तो सुरुवातीपासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूस असतो. तेथे खालच्या पाइपावर लक्ष ठेवावे.

रस्त्यावरचे लक्षणही बोलके असते. भरधाव जाताना किंवा उतारावर काटा खाली येतो आणि सिग्नलला थांबल्यावर पुन्हा चढतो, हे उघड्या थर्मोस्टॅटचे ठळक चिन्ह होय. काटा खाली पण हीटर कडक गरम असेल तर सेन्सरचा संशय घ्यावा. काटा जागेवर पण हीटर गार असेल तर हीटरच्या मार्गात हवा किंवा गाळ अडकला असावा. गाडीतील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला असल्यास कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एसी बंद व इंजिन गार असताना रेडिएटरचा विजेवरचा पंखा फिरत असेल, तर त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आधी पाहावा.

थर्मोस्टॅट बदलताना कूलंट भांड्यात काढून लगेच झाकावे. ते गोडसर पण विषारी असल्याने मुले व पाळीव प्राणी त्यापासून दूर ठेवावेत. काढलेला थर्मोस्टॅट गार असतानाच उघडा दिसला, तर निकाल तेथेच लागला. बंद दिसल्यास तो दोऱ्याने पाण्यात टांगून, तळाला न टेकवता, पाणी तापवावे आणि त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडतो का, हे थर्मामीटरने पाहावे. नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्यावा आणि गॅस्केटही नवे बसवावे. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून जागा मोकळीच ठेवण्याचा सल्ला देतात. तो मानू नये, कारण त्याने हाच बिघाड कायमचा होतो. कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढावी आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पातळी पुन्हा पाहावी.

सर्व काही ठीक असूनही अतिथंड प्रदेशात डिझेल गाडी उशिरा तापत असेल, तर पहिली काही मिनिटे हीटरचा ब्लोअर बंद किंवा मंद ठेवावा. सुरू करण्याआधीच इंजिन तापवणारा, विजेवर चालणारा ब्लॉक हीटर बसवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. रेडिएटरपुढे आच्छादन लावायचे झाल्यास ते अर्धवटच लावावे आणि थंडी ओसरताच काढून टाकावे, अन्यथा चढावर इंजिन भलतेच तापेल.