अध्यापनाचं अनुदान आणि पुरस्कार: अर्जाची तयारी कशी करावी

जाहिरात निघायची वाट पाहू नका. निवड समितीत बसून मी कितीतरी अर्ज वाचते. वर्गात जीव ओतून शिकवणारी माणसं कागदावर फिकी पडतात, कारण दाखवायला हाताशी काही ठेवलेलंच नसतं.

सुरुवात विद्यार्थ्यांच्या एका अडचणीपासून करा. ‘अध्यापनात नवं तंत्रज्ञान आणणे’ ही अडचण नव्हे. ‘पहिल्या वर्षाच्या मुलांना सूत्र पाठ असतं, पण आलेख पाहून वेग कुठे वाढला ते सांगता येत नाही’ ही अडचण. इतकं नेमकं वाक्य सापडलं की प्रस्तावाचा पुढचा भाग आपोआप सुचत जातो.

मग सत्राच्या पहिल्याच आठवड्यात त्या अडचणीवर एक छोटी चाचणी घ्या आणि शेवटी तशीच पुन्हा घ्या. सत्र उलटल्यावर सुरुवातीचा आकडा कुठूनही मिळत नाही. समजा, आधीची सरासरी १०० पैकी ४० होती, नंतरची ६४ आली. वाढ २४ची, पण वाढायला जागा होती ६०ची. २४ भागिले ६० म्हणजे ०.४. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये हाच हिशेब ६२ अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांसाठी मांडला. पारंपरिक व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३ आली आणि विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. ते आकडे यांत्रिकीचे, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या गती आणि बल या भागाचे. तुमच्या विषयाची तुलना थेट त्यांच्याशी करू नका, रीत मात्र जरूर घ्या. निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतील तर संशोधनात विद्यार्थ्यांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी चाचणीच्या आधी काढा.

अंदाजपत्रकाचं पान मी सगळ्यात आधी उघडते. सगळा पैसा टॅबलेट आणि कॅमेऱ्यांत गेलेला दिसला की मला काळजी वाटते. गटचर्चा सांभाळणाऱ्या, उत्तरं तपासणाऱ्या विद्यार्थी-सहायकांचं मानधन कुठे आहे? आणि तुमचा वेळ? तासिकांत सूट मिळणार असेल तर विभागप्रमुखांचं तसं पत्र जोडा. अनुदान संपल्यावर हे काम कोण चालवणार, तेही दोन ओळींत सांगा.

पुरस्काराची गोष्ट निराळी. तिथे पुढचे बेत नकोत, झालेलं काम हवं, आणि तेही फक्त तुमच्या वर्गातलं पुरत नाही. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अध्यापन फेलोशिपमध्ये इतर शिक्षकांच्या कामाला तुमचा काय हातभार लागला, हेही पाहतात. मला हा निकष अगदी योग्य वाटतो. म्हणून तुमचा प्रश्नसंच सहकाऱ्यांना वापरायला द्या आणि त्यांच्या वर्गात काय बदललं, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

शिफारसपत्र शक्यतो माजी विद्यार्थ्याकडून मागा. ‘मॅडम खूप छान शिकवतात’ याने काहीच कळत नाही. ‘प्रयोग फसला की आकडे खोडायचे नाहीत, कारण शोधायचं, ही सवय मला त्यांच्या प्रयोगशाळेत लागली, आज नोकरीत रोज उपयोगी पडते’ अशा एका वाक्यापाशी समिती थांबते. असं पत्र हवं तर ‘माझ्याबद्दल लिही’ म्हणू नका. ‘त्या वर्गातलं काय अजून वापरतोस?’ एवढंच विचारा आणि लिहायला पुरेसा अवधी द्या.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांची सरासरी देताना त्यांच्यापैकी किती जणांनी फॉर्म भरला, तेही द्या.

शेवटी मसुदा दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी वाचायला द्या. वाचताना ते जिथे अडतील, तिथे समितीही अडणार. तेवढा भाग पुन्हा लिहा.