बाळाला चकित करा, दचकवू नका

बाळाला आश्चर्य वाटतं का हे बघायचं म्हणून लोक कानाशी टाळी वाजवतात, फुगा फोडतात. बाळ भोकाड पसरतं आणि घरचे हसतात. कृपा करून हे करू नका. ते दचकणं झालं. आपल्याला बघायचंय बाळाचा अंदाज चुकल्यावर काय होतं ते, आणि त्याला आवाज लागत नाही.

बाळ पाच-सहा महिन्यांचं हवं. पोट भरलेलं, झोप झालेली, हे सांगायला नकोच.

मिक्सरचा रिकामा खोका आडवा ठेवा. मागे हात जाईल एवढं भोक पाडा, पुढे उभा-आडवा होईल असा पुठ्ठ्याचा पडदा. अगदी सारख्या दोन कापडी बाहुल्या. मोबाईल बाळाच्या चेहऱ्याकडे रोखून व्हिडिओ चालू करा.

बाळाच्या देखत एक बाहुली आत ठेवा. पडदा उभा करा. दुसरी बाहुली दाखवून पडद्याआड न्या, हात रिकामा बाहेर काढा. आता मागच्या भोकातून कुणीतरी एक बाहुली गुपचूप काढून घ्यायची. पडदा पाडा: एक अधिक एक बरोबर एक! मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांना हेच दाखवलं होतं. कधी एकच बाहुली निघायची, कधी बरोबर दोन. चुकीच्या उत्तराकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली.

सगळं घोडं अडतं ते बाळाला मांडीवर घेणाऱ्या माणसापाशी.

मी हे पहिल्यांदा भाच्यावर केलं. एकच बाहुली निघाली की तो टक लावून बघायचा, मी खूश. रात्री व्हिडिओ पाहिला तर पडदा पडायच्या आधीच ताई श्वास रोखून पुढे झुकत होती, बांगड्या किणकिणत होत्या. दोन्ही बाहुल्या असणार असतील तेव्हा मात्र निवांत टेकलेली. आता भाचा बाहुलीकडे बघत होता की आईची मांडी ताठ झाली म्हणून सावध झाला होता, कोण सांगणार? सगळी दुपार फुकट गेली.

तेव्हापासून माझा नियम असा की मांडीवर घेणाऱ्याने डोळे मिटायचे, आणि या वेळी एक निघणार की दोन हे त्याला सांगायचंच नाही. प्रयोगशाळांतही आईवडिलांना डोळे मिटायला लावतात ते याचसाठी. ‘मी चेहरा मख्ख ठेवीन’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चेहरा राहील मख्ख, मांडी नाही राहत. तुम्हीही पडदा पाडला की जमिनीकडे बघा. आणि बाहुली काढायची नसेल तेव्हाही मागून हात घालाच, म्हणजे खुडबुड दोन्ही वेळा सारखी होईल. एक आणि दोन आलटून-पालटून दाखवा. सहा वेळा पुरे, पुढे बाळ कंटाळतं.

बाळ किती सेकंद बघत राहिलं ते नंतर व्हिडिओवरून मोजा. सलग दोन सेकंद नजर हटली की मोजणं थांबवा.

एवढ्यावरून ‘हुशार आहे हो आमचा’ असा निकाल देऊ नका. एकट्या बाळाच्या नजरेवरून काही सिद्ध होत नाही, संशोधक अनेक बाळांची सरासरी काढतात. मेंदूत काय चाललंय ते तर घरी दिसणारच नाही, त्याला डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी लागते. अँड्रिया बर्गर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना तशी टोपी घालून अशीच चुकीची बेरीज दाखवली. मोठ्यांना चूक दिसली की डोक्याच्या पुढच्या-मधल्या भागावर जो विद्युत प्रतिसाद नोंदला जातो, त्याच्याशी मिळताजुळता प्रतिसाद या बाळांतही मिळाला.

शेवटी बाहुली बाळाच्या हातात द्या आणि हिसकावू नका. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांच्या २०१५ च्या प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांपैकी ज्यांनी वस्तू भिंतीतून आरपार गेलेली पाहिली, ती ती वस्तू आपटून बघत होती. ज्यांनी ती आधाराशिवाय अधांतरी राहिलेली पाहिली, ती खाली टाकून. पाच महिन्यांचं बाळ यातलं काही करणार नाही, सरळ तोंडात घालेल. बाहुल्या आदल्या दिवशीच धुऊन ठेवा.