शाळेच्या बसचे छत उचलण्यापूर्वीची तयारी

जुन्या शाळेच्या बसचे घर करायला घेतले की पहिली अडचण जाणवते ती डोक्यापाशी. बसून प्रवास करणाऱ्यांसाठी बांधलेल्या बॉडीत मोठ्या माणसाला सरळ उभे राहणे मुळातच कठीण असते, आणि खाली प्लायवूड व वर उष्णतारोधक थर चढला की उरलीसुरली उंचीही जाते. यावरचा उपाय म्हणजे खिडक्यांच्या पातळीवर बसचे खांब कापून छत अखंड वर उचलणे आणि मधली फट नव्या लोखंडाने भरून काढणे. अमेरिकेत शाळेच्या बसमध्ये राहणाऱ्यांमध्ये ही पद्धत चांगलीच रुळली आहे. कोल्हापुरात त्यासाठी लागणारे हात शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात सहज मिळतात, कारण कापणे, जोडणे आणि पत्रा बसवणे इथल्या कारागिराला नवे नाही. आमच्या बसचे छत मागच्या हिवाळ्यात उचलले तेव्हा प्रत्यक्ष उचलायला एक दुपार पुरली, पण त्याआधीच्या तयारीला पाच आठवडे लागले. पुढे लिहिले आहे ते त्या पाच आठवड्यांबद्दल आहे.

सुरुवात कागदांपासून करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ तसाच कडकपणे लावला आहे. राहण्यायोग्य वाहनांसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ (एआयएस म्हणजे वाहन उद्योगाची भारतीय मानके) हे वेगळे मानक आहे, तर बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ आहे. म्हणून बस पुन्हा रस्त्यावर चालवायची असेल तर कोल्हापूरच्या (एमएच-०९) परिवहन कार्यालयात आराखडा घेऊन जावे, मान्यतेचा मार्ग लेखी समजून घ्यावा आणि तो मिळेपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नये. विमा कंपनीलाही आधीच कळवावे. बस मळ्यात कायमची उभी करून राहायचे असेल तर प्रश्न वाहनाचा कमी आणि जागेचा जास्त होतो, तेव्हा ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत चौकशी करणे ओघानेच आले. आमची बस चालणार नाही हे आम्ही आधीच ठरवले होते. पुढचे सगळे त्या निर्णयावर आधारलेले आहे.

त्यानंतर किती उचलायचे याचा हिशेब करावा, आणि तो अंदाजाने न करता कागदावर करावा. समजा, आत पत्र्यापासून पत्र्यापर्यंत १८० सेंटिमीटर उंची आहे. खाली २५ मिलिमीटरचा थर आणि १२ मिलिमीटरचे प्लायवूड, तसेच वर ५० मिलिमीटरचा थर आणि ८ मिलिमीटरचे अस्तर धरले तर साडेनऊ सेंटिमीटर जातात आणि हातात उरते १७०.५ सेंटिमीटर. घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावर वीतभर मोकळी जागा हवी असेल आणि तो माणूस १७५ सेंटिमीटरचा असेल, तर सुमारे २५ सेंटिमीटर उचलणे पुरते. उचलतोच आहोत तर आणखी अर्धा फूट घेऊ, असा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा, कारण वाढलेल्या प्रत्येक सेंटिमीटरने वाऱ्याला तोंड देणारी बाजू वाढते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. ८ मीटर लांब आणि वळणासह अडीच मीटर रुंद छताचा १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्राच सुमारे १५७ किलो भरतो, आणि कमानी व कडेच्या पट्ट्या धरल्या की वजन त्याहून बरेच जास्त होते. असे वजन वर गेलेली बस करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटात वळणावर कशी झुकेल, याचा विचार चालवणाऱ्याने अवश्य करावा. बस उभी राहणार असली तरी फाटकाची कमान, झाडाच्या फांद्या आणि वरून जाणारी विजेची तार या तिन्हींपासूनचे अंतर नव्या उंचीने मोजून घ्यावे.

वेळ निवडताना पाऊस मध्यभागी ठेवून विचार करावा. छत कापल्यापासून नवा पत्रा बसेपर्यंत बस उघडी असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारच्या चार वाजता आभाळ काळे करून अर्ध्या तासात गारांसकट येऊन जातो. त्यामुळे दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत बंद, हेच वेळापत्रक मला शहाणपणाचे वाटते. दिवाळीआधी फॅब्रिकेटरला बोलावू नये, कारण गाळप हंगामाच्या तोंडाशी तो उसाच्या ट्रॉल्यांच्या दुरुस्तीत गुंतलेला असतो. जागा कठीण, सपाट आणि पुराच्या रेषेबाहेरची हवी. अर्धवट कापलेली बस हलवता येत नाही, आणि काम लांबून पावसाळ्यात गेले तर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांच्याकडे पाहत बसण्याची वेळ येते. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही.

जागा ठरली की बस आतून पूर्ण रिकामी करावी. सीट, छताचे आतले पत्रे, जुना थर, दिव्यांच्या तारा आणि खिडक्यांच्या काचा काढून घ्याव्यात. काचांची रबरे जपून ठेवावीत, तारांना चिकटपट्टी लावून त्यावर नावे लिहावीत. संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र काढण्याच्या भरात कायमचा बंद करून टाकू नये, कारण उद्या तेच घर असणार आहे आणि झोपलेल्या माणसाला आगीच्या वेळी दुसरी वाट लागते. पिवळा रंग घासताना विशेष काळजी घ्यावी. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा २०१६ चा नियम वाहनांच्या रंगांसाठी नाही, आणि पिवळ्या छटेत शिसे वापरण्याची रीत जुनी आहे. म्हणून तो रंग शिसेयुक्त आहे असे समजूनच चालावे, पत्रा ओला करून घासावा, चांगला मास्क लावावा आणि मुलांना त्या दिवसांत मळ्यावर आणू नये.

बस रिकामी झाली की तिची हाडे दिसतात, आणि इथे घाई करू नये. अमेरिकन शाळेच्या बसमध्ये पोलादी कमानी एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत वळवलेल्या असतात. तिथल्या १९७७ पासूनच्या मानकाप्रमाणे रिकाम्या वाहनाच्या वजनाच्या दीडपट भार छतावर दिला तरी ते १३० मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये. तिथून आलेली मापे आणि चित्रे आपल्या बॉडीला जशीच्या तशी लावता येत नाहीत. आपल्याकडे बॉडी बिल्डरने चौकोनी पाइपांचे खांब उभे केलेले असतात, बाहेरचा पत्रा पुष्कळदा ॲल्युमिनियमचा असतो आणि दोन बाजूंच्या खांबांमधले अंतरही सारखे असेलच असे नाही. प्रत्येक खांबाला डावा एक, उजवा एक असे क्रमांक रंगवावेत, त्याची रुंदी व जाडी मोजून वहीत लिहावी, आणि तळाशी गंजलेला खांब आढळला तर आधी तो बदलावा. पुढच्या काचेचा भाग तसाच ठेवून चालकाच्या पाठीमागून कापायचे, की पुढचे तोंडही उचलायचे, हेही याच वेळी ठरवावे. पहिल्या प्रकारात जुन्या आणि नव्या उंचीला जोडणारा उतार लागतो, आणि त्याचा साचा पुठ्ठ्यावर कापून ठेवला तर पुढे दोन दिवस वाचतात.

आता सर्वांत महत्त्वाच्या तयारीकडे येतो. बसचे छत डब्याच्या झाकणासारखे वर ठेवलेले नसते. भिंती छताला उचलून धरतात आणि छत भिंतींना आपल्या जागी धरून ठेवते. खांब कापताच हा परस्परांचा आधार तुटतो. खालच्या भिंती आत किंवा बाहेर कलतात, आणि वरची कमान स्वतःच्या वजनाने कडांकडे पसरते. एकदा हे दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की नवे तुकडे खांबांवर बसत नाहीत, आणि मग ओढून-ताणून केलेले वेल्डिंग पहिल्याच उन्हाळ्यात तडकते. म्हणून कापण्याआधीच खालचा आणि वरचा भाग आपापल्या आकारात स्वतंत्रपणे बांधून ठेवावा लागतो. कापण्याच्या रेषेच्या खाली, साधारण एक खांब सोडून एक, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवे पाइप लावावेत आणि त्यांच्यापासून जमिनीच्या चौकटीपर्यंत तिरके टेकू द्यावेत. तसेच आडवे पाइप रेषेच्या वरही, कमानीच्या दोन्ही टोकांना बांधून, द्यावेत. लांबीच्या दिशेने तिरके पाइप विसरू नयेत, कारण छत पुढे-मागे सरकण्याची शक्यता बाजूला कलण्याइतकीच असते. हे सगळे तात्पुरते असले तरी टाके मारून भागवू नये, पूर्ण वेल्डिंग करावे. नंतर कापून घासून काढता येते. आमच्या मिस्त्रींनी या पाइपांवरच तीन दिवस घालवले, तेव्हा मला तो वेळ जास्त वाटला होता. छत वर गेल्यावर चौदाही खांबांचे नवे तुकडे जागेवर बसले, तेव्हा त्या तीन दिवसांचा अर्थ कळला.

आकार बांधण्याआधी बस समपातळीत आणावी, आणि ती टायरवर उभी असताना मोजमाप करू नये. आम्ही ही चूक केली. पाण्याच्या नळीने (समपातळी दाखवणाऱ्या, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) सगळ्या खांबांवर रेषा मारल्या, आणि रात्रीत मागचे एक टायर बसल्यामुळे सकाळी त्या कोपऱ्यातली रेषा जवळजवळ बोटभर खाली आलेली दिसली. त्यानंतर चेसिसखाली लाकडी ठोकळे व लोखंडी घोडे देऊन स्प्रिंगांवरचा भार काढला आणि सगळ्या रेषा पुन्हा मारल्या. ठोकळे चेसिसलाच टेकवावेत, बॉडीच्या कडेला नव्हे.

उचलण्याच्या साधनांपैकी आम्हाला आटेदार सळईची पद्धत सर्वांत भरवशाची वाटली. चारही कोपऱ्यांवर ५० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपात ४० मिलिमीटरचा पाइप सरकेल अशी वाट करून दिली, आतला पाइप छताला आणि बाहेरचा भिंतीला जोडला, आणि शेजारी २० मिलिमीटरची आटेदार सळई लावली. या सळईचे आटे अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, म्हणून नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे अडीच मिलिमीटर, चार फेरे म्हणजे एक सेंटिमीटर आणि २५ सेंटिमीटरसाठी शंभर फेरे होतात. चार माणसांनी चार कोपऱ्यांवर एकाच्या हुकमाने चार-चार फेरे द्यायचे, थांबायचे, फूटपट्टीने मोजायचे आणि पुन्हा पुढे जायचे. जॅक भराभर उचलतो, पण एक कोपरा पुढे गेला की छत पिळले जाते. जॅक वापरायचेच असतील तर उचललेल्या उंचीइतके लाकडी ठोकळे लगेच खाली सरकवत राहावे. छताखाली त्या वेळी कुणीही उभे राहू नये.

छत वर गेल्यावर सामान आणायला धावू नये. खांबांचे नवे तुकडे आधीच मापात कापून, घासून, रेड ऑक्साइड लावून ठेवावेत; वेल्डिंग होणार त्या टोकांना मात्र रंग लावू नये. नुसते टोकाला टोक लावून जोडू नये. जुन्या खांबाच्या आत घट्ट बसणारा किंवा बाहेरून कवटाळणारा तुकडा घेऊन वर आणि खाली प्रत्येकी १० सेंटिमीटर आत जाईल असा धरावा. बाजूचा पत्रा ८ मीटर लांबीच्या बसला २५ सेंटिमीटर उंचीसाठी चारही बाजू मिळून साधारण ५ चौरस मीटर लागतो, आणि पाऊण हात जादा आणलेला बरा. जुना पत्रा ॲल्युमिनियमचा आणि नवा पोलादी असेल तर दोन्ही एकमेकांना वेल्ड होत नाहीत, आणि थेट टेकले तर ओल मिळताच ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्यांच्यामध्ये सीलंटचा किंवा रबराचा थर द्यावा आणि रिव्हेटने जोडावे. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर यावा, जसे कौलारू घरावर वरचे कौल खालच्या कौलावर येते. इतके साधे तत्त्व पाळले तर निम्मी गळती तिथेच थांबते.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोके काढावीत आणि इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर त्याचे प्लगही सोडवावेत. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा. डिझेलची टाकी शक्यतो उतरवून दूर ठेवावी. गॅल्व्हनाइज्ड पाइपावरचा जस्ताचा थर जोडाच्या जागी आधी घासून काढावा, कारण तो जळाला की निघणाऱ्या धुराने संध्याकाळी ताप भरतो. आमची बस मळ्यात होती आणि शेजारचा ऊस तोडून झाल्यावर पाचट तसेच पसरलेले होते. कामाच्या आधी ते दहा-बारा मीटरपर्यंत ओढून काढले, जमीन भिजवली, ओली गोणपाटे, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक हाताशी ठेवले, आणि वेल्डिंग संपल्यावर एक माणूस तासभर तिथेच बसून राहिला. ऊसपट्ट्यात वेल्डिंग करणाऱ्याने यात कसूर करू नये.

शेवटी माणसे ठरवावीत. एक मिस्त्री, दोन वेल्डर, चार कोपऱ्यांवर चार जण आणि हुकूम देणारा एक असे आठ जण पुरतात. कापण्याचा क्रम आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर वाचून दाखवावा, तो असा की मधले खांब आधी, एक सोडून एक, आणि चार कोपऱ्यांचे खांब सर्वांत शेवटी, सळया ताणून घेतल्यावरच कापायचे. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. सकाळी उन्हाने पत्रा तापण्याआधी पाण्याची नळी पुन्हा सगळ्या खांबांवर फिरवावी, ओळंबा चारही कोपऱ्यांना सोडून पाहावा, आणि आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळले तरच पहिल्या खांबाला कटर लावावा.