वायफाय रिसिव्हरमध्ये गरगर फिरणारे ठिपके जागेवर कसे आणायचे

स्वतःचा ८०२.११ए (५ गिगाहर्ट्झवरचं जुनं वायफाय स्टँडर्ड) रिसिव्हर लिहिताय, छोटी पॅकेट मस्त डिकोड होतात पण मोठी पॅकेट शेवटाकडे बिघडतात? मग बहुतेक फ्रिक्वेन्सीची चूक थोडी शिल्लक राहिलीये. १ किलोहर्ट्झ ऐकायला किरकोळ वाटतो, पण सिम्बॉल (एका वेळी पाठवलेला डेटाचा तुकडा) ४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे दर सिम्बॉलला १.४४ अंश, आणि ३२ सिम्बॉल झाले की ४५ अंश पार होऊन क्यूपीएसकेचा (चार ठिपक्यांपैकी एक निवडून दोन बिट पाठवायची पद्धत) ठिपका शेजारच्या घरात.

मुळात पाठवणारा आणि घेणारा, दोन्हीकडच्या क्रिस्टलना (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) २०-२० पीपीएमची (दहा लाखात वीस) सूट असते. चॅनल ३६ वर (५१८० मेगाहर्ट्झ) दोघं उलट दिशेला सरकले तर २०७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. पॅकेटच्या सुरुवातीला ठरलेले सिग्नल येतात, आधी शॉर्ट ट्रेनिंग, मग लांब ट्रेनिंग. लांब ट्रेनिंगवरून ±१५६ किलोहर्ट्झपर्यंतच कळतं, म्हणून थेट तिकडे उडी मारू नका प्लीज, आधी शॉर्ट ट्रेनिंग, तिथे ±६२५ पर्यंत कळतं.

शॉर्ट ट्रेनिंग २० मेगाहर्ट्झला दर १६ सॅम्पलने रिपीट होतं. आधी डीसी ऑफसेट (सिग्नलमध्ये मिसळलेली स्थिर किंमत) काढा, नाहीतर अँगल शून्याकडे ओढला जातो. मग प्रत्येक सॅम्पलचा कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं केलेला आकडा) घेऊन १६ पुढच्या सॅम्पलने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची, तिचा अँगल काढायचा आणि त्याला २π गुणिले ०.८ मायक्रोसेकंदाने भागायचं, आली फ्रिक्वेन्सी. दहापैकी सुरुवातीचे रिपीट सोडा, तेव्हा एजीसी (सिग्नलची पातळी आपोआप जुळवणारा भाग) अजून स्थिरावत असतो.

आता तेवढीच फ्रिक्वेन्सी उलट फिरवायची. माझे दोन दिवस इथे चिन्हाच्या चुकीत गेले, म्हणून सांगतो, करेक्शननंतर तोच हिशोब परत चालवा. उत्तर शून्याजवळ आलं तर बरोबर, दुप्पट आलं तर चिन्ह उलटं. मग लांब ट्रेनिंगवर हाच प्रकार ६४ सॅम्पलच्या अंतराने, भागायचं ३.२ मायक्रोसेकंदाने.

एवढं करूनही नॉइजमुळे थोडं उरतंच, ते पायलट, म्हणजे प्रत्येक सिम्बॉलमधले आधीच माहीत असलेले आकडे, सांभाळतात. ते सबकॅरियर (सिम्बॉलमधल्या वेगवेगळ्या छोट्या फ्रिक्वेन्सी) -२१, -७, ७, २१ वर असतात. इक्वलायझरनंतर (वाटेत झालेला सिग्नलचा बिघाड भरून काढल्यावर) प्रत्येक पायलटला त्याच्या अपेक्षित किमतीच्या कॉन्जुगेटने गुणा, चारही कॉम्प्लेक्स आकडे आधी बेरीज करा आणि मगच अँगल काढा, वेगवेगळ्या अँगलची सरासरी घेतली तर १८० अंशाजवळ गडबड होते. तो अँगल अख्ख्या सिम्बॉलमधून वजा. २१ वरच्या पायलटचं चिन्ह बाकी तिघांच्या उलट असतं हे लक्षात ठेवा, शिवाय १२७ लांबीच्या पोलॅरिटी क्रमातला (दर सिम्बॉलला पायलटचं चिन्ह ठरवणारी यादी) पहिला आकडा सिग्नल फील्डचा (डेटाआधीचा माहितीचा सिम्बॉल), डेटा दुसऱ्यापासून. इथे एका जागेने चुकलात तर काही सिम्बॉल नीट आणि काही थेट १८० अंश उलटे दिसतील.