टीएमटीडी काढलं आणि ग्रोमेटची इडली झाली

भोसरीतल्या एका छोट्या रबर युनिटच्या लॅबला लागलो तेव्हा मला वाटायचं ग्रीन क्युअरिंग (कमी घातक रसायनं वापरून रबर पक्कं करणं) म्हणजे काय, एक डबा फळीवरून खाली आणि दुसरा वर. ईपीडीएम या सिंथेटिक रबराचे ग्रोमेट (वायर जायच्या भोकात बसवायच्या रिंगा) होते, कस्टमरचा माल जर्मनीला जायचा, त्यांचा मेल आला की नायट्रोसामाइन-फ्री कंपाउंड, म्हणजे कॅन्सरकारक नायट्रोसामाइन न बनवणारं रबराचं मिश्रण, पाहिजे. सर म्हणाले टीएमटीडी काढ, टीबीझेडटीडी टाक (दोन्ही अॅक्सिलरेटर, म्हणजे क्युअरिंगचा वेग वाढवणारी रसायनं). मी टाकलं, जेवढ्यास तेवढं, १ पीएचआरच्या जागी १ (पीएचआर म्हणजे १०० भाग रबराला किती भाग, हे पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा). रिओमीटर (रबर किती वेगात पक्कं होतं ते मोजणारं यंत्र) १७० डिग्रीला लावला तर कर्व्ह रमतगमत चाललाय, टीसी ९० म्हणजे ९० टक्के क्युअरला लागणारा वेळ भलताच लांबला, आणि प्रेसच्या जुन्याच सायकलवर काढलेला ग्रोमेट मधून कापला तर आत भोकंच भोकं. प्रेसवाले काका म्हणाले, "काय रे, इडली लावलीस का?"

चूक शाळेतली होती. टीएमटीडीचं मॉलिक्युलर वेट साधारण २४०, टीबीझेडटीडीचं ५४५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच वजनात रेणू निम्म्याहूनही कमी. सरळ सव्वादोन पट टाकलं तर खर्च बोंबलतो, म्हणून आम्ही १.८ वर थांबलो, एमबीटी हे जोडीचं अॅक्सिलरेटर थोडं वाढवलं आणि सायकल अर्धा मिनिट लांबवली. यात प्रत्येक वेळी टीएस २ (क्युअर सुरू व्हायला लागणारा वेळ) पण बघा, नाहीतर कंपाउंड मोल्डमध्ये भरायच्या आधीच जळायला लागतं.

मुळात भानगड सेकंडरी अमाइनची आहे (नायट्रोजनला कार्बनचे दोन गट जोडलेले, प्रायमरीत एकच). टीएमटीडी, झेडडीईसी, मॉर्फोलिनवाले अॅक्सिलरेटर गरम झाले की तो अमाइन सुटतो, हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडशी जुळतो आणि कॅन्सरकारक नायट्रोसामाइन बनतात, जर्मनीत यासाठी टीआरजीएस ५५२ हा नियमच आहे. सीबीएस, टीबीबीएस या अॅक्सिलरेटरमधून प्रायमरी अमाइन निघतो म्हणून ते त्या यादीत बसत नाहीत. टीबीझेडटीडी पण सेकंडरीच देतो, पण त्याचं नायट्रोसामाइन कॅन्सरकारक धरत नाहीत. इंटरव्ह्यूला हे विचारतात बरं का.

एक्सट्रूजनला (साच्यातून रबराच्या लांब पट्ट्या, म्हणजे प्रोफाइल काढतात तिथे) गेलात तर वितळलेल्या मिठात क्युअर करायच्या जुन्या सॉल्ट बाथच्या लाइन भेटतील, त्या मिठात साधारण ४० टक्के सोडियम नायट्राइट असतं, तेही अमाइनशी जुळून नायट्रोसामाइन बनवतं, म्हणजे आगीत तेलच, शिवाय धुतलेलं खारं पाणी कुठे सोडायचं हा वेगळाच ताप. मायक्रोवेव्ह आणि हॉट एअरची लाइन कितीतरी बरी, फक्त ईपीडीएम स्वतः मायक्रोवेव्ह फारसं शोषत नाही, ते काम कार्बन ब्लॅक करतो, त्यामुळे पांढऱ्या प्रोफाइलला रडवते. सल्फरऐवजी पेरॉक्साइडने क्युअर केलं तर ही अमाइनची कटकटच नाही, पण त्यातलं डीसीपी वापरलं की अॅसिटोफेनोनचा वास शर्टाला घरापर्यंत येतो आणि हॉट एअरमध्ये वरचा थर चिकट राहतो. इलेक्ट्रॉनचा झोत मारून क्युअर करणाऱ्या इलेक्ट्रॉन बीमला तर सल्फरही नको, पण मशीनची किंमत ऐकून आमच्या मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

शिकायचं असेल तर इंडियन रबर इन्स्टिट्यूटची डीआयआरआय ही डिप्लोमाची परीक्षा नोकरी करत देता येते, मी तशीच दिली.

आता क्युअरिंगला चालना देणाऱ्या झिंक ऑक्साइडवर काम चालूय, ते पाण्यातल्या जीवांना घातक, म्हणून सवयीने टाकतात ते ५ पीएचआर मी ३ वर आणलं. रिओमीटरला फरक दिसला नाही म्हणून मी खूश झालो होतो, सरांनी गुपचूप ७० तासांचा कॉम्प्रेशन सेट (गरम ओव्हनमध्ये दाबून ठेवलेलं रबर परत किती फुलतं याची टेस्ट) लावला. सोमवारी ओव्हन उघडायचाय.